मंत्रिमहोदय, नाटक रविवारी ठरत नाही

प्रति,
माननीय कला व संस्कृती मंत्री,
गोवा सरकार, पणजी

विषय: निर्बंध उठल्यानंतर गावोगावच्या उत्सवी नाटकांना लागणारी परवानगी, वेळ आणि पुढच्या लाटेची आगाऊ तयारी

एप्रिल २०२२

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

खातेवाटप नुकतेच झाले आहे. सत्कारांची रांग संपायच्या आत हे पत्र पाठवतो आहे, कारण पुढच्या मोसमाचे बोलायचे तर ते आत्ताच बोलायला हवे. ३१ मार्चला केंद्राने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालचे कोविडचे निर्बंध संपवले. शेजारच्या महाराष्ट्राने पाडव्याच्या मुहूर्तावर सगळे मोकळे केले. त्याआधीच, २० मार्चला, फातोर्ड्याचे नेहरू स्टेडियम आयएसएल फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यासाठी प्रेक्षकांना खुले झाले. दोन मोसम अख्खी स्पर्धा गोव्यात झाली, पण फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या टिळक मैदानावर खेळाडू रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळत होते. त्यामुळे 'कार्यक्रम परत आले' असे जो तो म्हणतो आहे. आमचे अजून आलेले नाहीत, एवढे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

मी फोंडा तालुक्यातल्या एका गावात देवळाच्या उत्सवात नाटक बसवतो. आमची मंडळी घरात कोकणी बोलतात आणि रंगमंचावर मराठी. वर्षभर कुणी बँकेत, कुणी बागायतीत, कुणी बसवर वाहक. उत्सव जवळ आला की अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत, तालीम. मुंबई-पुण्याच्या माणसाला हे सांगितले तर खरे वाटत नाही, पण तुम्हाला गोव्यात हे समजावून सांगायची गरज नाही. तुमच्या मतदारसंघातही पालखी देवळात आली, पावणी, म्हणजे देवापुढच्या वस्तूंचा लिलाव, संपली की नाटकाची घंटा होतेच.

होतेच, असे लिहिले खरे. २०२० च्या मार्चनंतर आमच्या गावात एकदाही झाली नाही.

निर्बंधच नको होते, असे माझे म्हणणे मुळीच नाही. मे २०२१ मधल्या त्या पहाटा गोव्यातला माणूस विसरणार नाही. ११ मेच्या एका पहाटे चार तासांत गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, २६ रुग्ण दगावले आणि ऑक्सिजनचा प्रश्न उच्च न्यायालयापुढे गेला. आमच्या मंडळातल्या घरांनाही तो महिना चुकला नाही. त्या दिवसांत कुणी नाटकाची परवानगी मागितली असती तर मीच त्याला हाकलला असता.

माझी तक्रार आहे ती त्यानंतरच्या पद्धतीबद्दल. ९ मे २०२१ रोजी लागू झालेली संचारबंदी आठवड्याआठवड्याने वाढत गेली. शनिवार-रविवार आला की मोबाइलवर आदेशाची वाट बघायची. काय चालू, काय बंद, पुढच्या सोमवारपासून. दुकानदाराला हे कसेबसे चालते, तो सोमवारी सकाळी शटर वर करतो. नाटक तसे ठरत नाही. आमच्याकडे चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, संपली की संहिता निवडतात. दसऱ्याला मुहूर्ताचा नारळ फुटतो. स्त्री-भूमिकेसाठी बाहेरून येणाऱ्या कलाकाराची तारीख त्याआधीच धरावी लागते, कारण चांगल्या बाईंच्या नाईटी, म्हणजे खेळाच्या रात्री, कार्तिकापासून भरलेल्या असतात. ऑर्गन, तबला, मेकअप, कपडेपट, लाइट, साऊंड आणि पडदे, सगळ्यांना विसार, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यावा लागतो. वर्गणी काढायची तर लोक पहिला प्रश्न विचारतात, "औंदूं नाटक आसा न्हय?" (यंदा नाटक आहे ना?) आणि त्याचे उत्तर आठवड्याच्या आदेशात नसते. पुढल्या सोमवारी काय होणार हे ठाऊक नसताना दोन महिन्यांनंतरच्या रात्रीचा विसार कोण देईल?

गंमत अशी की कागदावरचा नियम पुष्कळ वेळा शहाणा होता. केंद्राने 'अनलॉक-४' मध्ये २१ सप्टेंबर २०२० पासून खुल्या नाट्यगृहांना मुभा दिली. पुढच्याच टप्प्यात बंद सभागृहाला निम्मी क्षमता आणि जास्तीत जास्त २०० माणसे, आणि उघड्या जागेला तिच्या आकारमानाप्रमाणे, असे ठरले. म्हणजे हवा खेळती असेल तिथे धोका कमी, हे दिल्लीला तेव्हाच उमगले होते. आमचा मंडप तिन्ही बाजूंनी उघडा, वर माडांच्या झावळ्या. एसी लावून दारे बंद केलेल्या हॉलपेक्षा तो केव्हाही बरा. पण हा नियम घेऊन आम्ही अर्ज करायला गेलो तर पंचायत म्हणाली पोलिसांना विचारा, पोलीस म्हणाले मामलेदार, तिथून सांगितले आरोग्य केंद्राचे पत्र आणा, आणि आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाई बिचाऱ्या लसीकरणाच्या रांगेत उभ्या. 'नको' असे कुणीच म्हणाले नाही, पण सहीसुद्धा कुणी केली नाही. नाटकाची तारीख उलटून गेल्यावर अर्जाचे करायचे काय, म्हणून शेवटी तो मीच परत मागून घेतला.

२० सप्टेंबर २०२१ ला मांडवीतले कॅसिनो निम्म्या क्षमतेने सुरू झाले. त्याबद्दल मी नाक मुरडणार नाही, आमच्या गावचीच पोरे तिथे नोकरीला आहेत. पण कॅसिनोने दार कसे उघडायचे, किती माणसे आत घ्यायची, हे आधी लिहून ठरवलेले होते. देवळाच्या मंडपातल्या नाटकासाठी असा कागद आमच्यापर्यंत कधी आला नाही. यंदाच्या निवडणुकीत, तिसरी लाट ओसरते न ओसरते तोच, निवडणूक आयोगाने उघड्यावरच्या सभांना १००० माणसांपर्यंत मुभा दिली. ती मर्यादा पुढाऱ्यांनी पाळली की नाही हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. मुद्दा एवढाच की मोजून माणसे बसवणे प्रशासनाला जमते, मनावर घेतले तर.

या दोन वर्षांत काय काय मोडले ते दाखवायला तुम्हाला मी एका खोलीत नेईन. आमच्या भागात पडदे भाड्याने देणाऱ्या माणसाची ती खोली आहे. बांबूला गुंडाळलेले रंगवलेले पडदे तिथे भिंतीला उभे असतात: दरबार, जंगल, रस्ता, झोपडी, देऊळ. एरवी दर चार-पाच रात्रींनी प्रत्येक पडदा कुठल्या ना कुठल्या गावात उलगडतो, त्याला वारा लागतो, दिव्याची ऊब लागते. दोन पावसाळे ते उलगडलेच नाहीत. गेल्या महिन्यात आम्ही दरबाराचा पडदा अंगणात सोडला तेव्हा खांबांच्या सोनेरी रंगावर काळ्या बुरशीचे ठिपके होते आणि सिंहासनाचा भाग मागच्या थराला चिकटून बसलेला. हळूहळू सोडवला तरी रंगाचे पोपडे सुटून हातात आले. जंगलाच्या बांबूत वाळवी शिरलेली. असा पडदा रंगवणारे हात आता गोव्यात बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. डिजिटल बॅनर छापून मिळतो हो, पण त्यावर फोकस टाकला की सगळा दरबार दुकानाच्या पाटीसारखा चमकतो. या माणसाला कुठल्या योजनेत बसवणार? तो कलाकार नाही, म्हणून 'कला सन्मान'मध्ये येत नाही. पारंपरिक व्यावसायिकांच्या यादीतही त्याला जागा नाही. दोन वर्षांत त्याने रिक्षा घेतली. ती नीट चालते, आणि मला त्याचीच भीती आहे.

हीच गत पेट्रोमॅक्सच्या काळापासून उत्सवांत लाइट-साऊंड पुरवत आलेल्या घरांची, टोप-दाढ्यांच्या पेट्या सांभाळणाऱ्या रंगभूषाकारांची. जत्रेत खाजे विकणारे खाजेकार आणि फुले विकणाऱ्या फुलकारणी यांचे तर बोलायलाच नको. जत्रेतले नाटक बंद म्हणजे मध्यरात्रीचा धंदा बंद. पेडणे, डिचोली, सत्तरीकडे काला, म्हणजे जत्रेतला दशावतारी खेळ, करायला सिंधुदुर्गातून येणाऱ्या दशावतारी कंपन्यांना तर दोन राज्यांचे दोन नियम, आणि दुसऱ्या लाटेत पत्रादेवीच्या नाक्यावर निगेटिव्ह दाखला. रात्री इकडे आणि दुसऱ्या रात्री तिकडे खेळ करणारी कंपनी किती दाखले काढणार?

म्हणून मागणे असे आहे. साथ पुन्हा येणार नाही असे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. तर मग आत्ताच, रुग्णालये रिकामी आहेत आणि डोकी शांत आहेत तेव्हा, आरोग्य खात्याला बरोबर घेऊन एक तक्ता तयार करा. रुग्णालयातल्या खाटा किती भरल्या की उघड्या मंडपात किती माणसे, बंद सभागृहात किती, आणि कुठल्या टप्प्याला सगळेच बंद. तो दोन्ही जिल्ह्यांना एकच असू द्या आणि चवथीच्या आधी जाहीर करा. मग रविवारच्या आदेशाची वाट बघावी लागणार नाही. आकडा बघून आमचे आम्ही ठरवू. नाटक पुढे ढकलायचे तर आम्ही ढकलू, पण कुठल्या हिशेबाने ते तरी आधी कळू द्या. सिंधुदुर्गच्या प्रशासनाशीही एकदा बोलून घ्या, म्हणजे काल्याच्या कंपन्यांना नाक्यावर अडकावे लागणार नाही.

परवानगीसाठी एकच अर्ज आणि एकच सही असावी. कुणाची, ते सरकारने ठरवावे. ठरावीक दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे समजावे, अशी तरतूद केलीत तर फारच उत्तम, पण तेवढी आशा मी धरत नाही.

आता दहाच्या भोंग्याचे. हा प्रश्न कोविडच्या आधीपासूनचा आहे, पण दोन वर्षांच्या शांततेची सवय झाल्यावर तो आता जास्त बोचणार. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. आमच्याकडे पालखी, मग पावणी. एखाद्या फणसावर दोन घरांची ईर्षा लागली की अकरा तिथेच वाजतात. मग नाटकाने करायचे काय, मूकनाट्य? त्याच नियमात सांस्कृतिक आणि धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून १५ दिवसांपर्यंत मध्यरात्री १२ पर्यंत मुभा देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे, आणि सरकारने अधिकार दिला तर जिल्हा प्रशासनही आपल्या हद्दीपुरते असे दिवस आगाऊ जाहीर करू शकते. हे दिवस पर्यटनाच्या जल्लोषात संपवायच्या आधी जत्रांच्या तिथींकडे बघा. पंचांग सगळ्या गावांकडे आहे, तारखा वर्षभर आधी सांगता येतात. आमच्या बाजूने मी एवढे कबूल करतो की पावणी आटोपती घ्यायला देवस्थान समित्यांनी शिकले पाहिजे. बाराच्या आत पडदा पाडायचा तर साडेनवाला तो उघडलाच पाहिजे. पाच अंकी नाटके आता कुणी बघत नाही, दिग्दर्शकांनीही कात्री चालवायला हरकत नाही.

पडदे, कपडेपट, लाइट-साऊंड भाड्याने देणाऱ्यांना सामान दुरुस्तीसाठी एकदाच अनुदान द्या. रक्कम मोठी लागणार नाही. पंचायतीकडून कोण खरोखर हा धंदा करतो याची शहानिशा होऊ शकते. आणि पुढचा एक मोसम रवींद्र भवने आणि फोंड्याचे राजीव गांधी कला मंदिर हौशी मंडळांना तालमीसाठी विनाभाडे मिळावे.

पणजीच्या कला अकादमीबद्दल लिहू नये असे ठरवले होते, पण राहवत नाही. चार्ल्स कोरियांनी मांडवीकाठी बांधलेली ती वास्तू गेल्या वर्षीपासून दुरुस्तीसाठी बंद आहे. म्हणजे साथीने बंद केलेले दार उघडायची वेळ आली तेव्हा आम्हाला तिथे पत्रे ठोकलेले दिसले. 'अ' गटाच्या मराठी नाट्यस्पर्धेत दीनानाथ मंगेशकर कला मंदिराच्या रंगमंचावर पाऊल टाकायचे म्हणून खेड्यातली पोरे वर्षभर झटतात. ते कधी उघडणार त्याची एक तारीख सांगा आणि ती पाळा.

एक गोष्ट मात्र मुद्दाम आठवण करून देतो. वास्कोचा दामोदर सप्ताह साथीतून जन्मला असे सांगतात. एकोणिसावे शतक संपत आले होते, गावात रोगराई पसरली, लोकांनी जांबावलीच्या दामोदराला गाऱ्हाणे घातले, तिथला नारळ आणून अखंड चोवीस तास भजन सुरू केले. पुढे पार, म्हणजे भजनी मिरवणुका, निघू लागले, गायक येऊ लागले, फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, भरू लागली. माणसे रोगाच्या भीतीनेच एकत्र आली आणि मग एकत्र येणेच शंभरावर वर्षे टिकले. २०२० आणि २०२१ मध्ये तो सप्ताहसुद्धा आटोपशीर करावा लागला, आणि वास्कोकरांनी तो तसा केलाही. सांगितलेले नियम गोव्याचा माणूस पाळतो, फक्त ते वेळेवर सांगायला हवेत.

तक्ता आणि जत्रांचे दिवस यांबद्दल आपला निर्णय चवथीपर्यंत कळावा, ही विनंती. त्यानंतर कळला तर या वर्षीच्या कार्तिकाला आमच्या उपयोगाचा नाही. दसऱ्याला नारळ फोडायचा की नाही ते आम्हाला त्याआधी ठरवावे लागेल आणि दरबाराचा पडदा नवा रंगवायला द्यायचा की नाही तेही.

आपला,
फोंड्याकडचा एक हौशी नाट्यकर्मी