पावडरचा डबा आणि ताटातली भाकरी

महोदय,

पंधरा वर्षे मी तालुक्याच्या मैदानावर पोरांना कबड्डी शिकवतो. गेल्या आठवड्यात सोळा वर्षांचा एक चढाईपटू पोटरीत गोळे येऊन मैदानातच बसला. खोदून विचारल्यावर कळले: महिनाभर भाकरी-भात बंद, दोन वेळा प्रोटीन पावडर, आणि स्पर्धेच्या वजनमर्यादेत बसायचे म्हणून सकाळपासून पाण्याचा घोटही नाही. घामाने उतरते ते पाणी, चरबी नव्हे, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. चढाईसारख्या झटक्याच्या खेळात स्नायूंना मुख्य इंधन मिळते ते भात-भाकरीतूनच. खेळाडूला वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण १.२ ते २ ग्रॅम प्रथिने पुरतात. एका अंड्यात ६ ग्रॅम, पन्नास ग्रॅम फुटाण्यांत सुमारे १० ग्रॅम. डाळ, दूध, शेंगदाणे तर घरात असतातच. त्या डब्यासाठी वडिलांनी उसने पैसे काढले होते, हे ऐकून जीव तुटला. स्पर्धा भरवणाऱ्यांनी वजने घेण्याच्या महिनाभर आधी मुलांची आणि पालकांची आहारतज्ज्ञाशी गाठ घालून द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक कबड्डी प्रशिक्षक, सांगली