खापरपणजोबांना जमिनीवर आणणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

नाव कुठे घालायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं ताई. आभार मात्र चारचौघांतच मानणार. लोकांचे पूर्वज जुन्या कागदांतून शोधून देता देता आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली एक थाप तुम्ही मोडलीत, आणि तीही इतक्या अदबीने की कुणाला रागसुद्धा आला नाही. (एका चुलतभावाला आला. त्याचं पुढे सांगते.)

खापरपणजोबांबद्दल आमच्याकडे होतं तरी काय? इंग्लंडहून आले, जीआयपी (आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज कंपनी) रेल्वेत लागले, इगतपुरीला राहिले आणि पटकीने गेले. फोटो नाही, पत्र नाही. हातात कागद नसला की माणसं जहागीर आणून बसवतात. ‘साहेब मोठ्या घरचे होते, घरी भांडून निघाले’ हे आमच्या आत्याने तिच्या आजीकडून ऐकलं होतं आणि आम्ही आत्याकडून. मोठ्या घरचा माणूस इगतपुरीच्या लोको शेडमध्ये कोळशाच्या धुरात काय करत होता, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

मी तुम्हाला पहिल्या मेलमध्ये जहाजाची यादी मागितली होती. ‘सगळे तेच मागतात’ असं म्हणून तुम्ही समजावलंत, की इंग्लंडमधून बाहेर जाणाऱ्या प्रवाशांच्या याद्या तिथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत त्या 1890 पासूनच्या. आमचा माणूस त्याच्या किती तरी आधीचा. थळ घाटातून गाडी सुरू झाली 1865 साली. कसाऱ्याहून इगतपुरीपर्यंतचा चढ 37 फुटांना एक फूट, जादा इंजिन जोडल्याशिवाय आजही बहुतेक गाड्या वर येत नाहीत. त्या कामाला लागणारे ड्रायव्हर आणि फिटर कंपनी तिकडून करार करून आणायची. म्हणून तुम्ही म्हणालात, जहाज सोडा, चर्च धरा.

मुंबई इलाख्यातले पाद्री बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदींची नक्कल करून लंडनला पाठवत, हे मला ठाऊकच नव्हतं. त्या नकला आता ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. मुंबईचा विभाग एन-3. त्यात तुम्ही 1868 चं लग्न काढलंत. नवरा : इंजिन ड्रायव्हर. नवऱ्याचा बाप : लोहार.

लोहार! जहागीर तिथेच गेली.

त्यावर तुम्ही एक गोष्ट लिहिलीत, तिच्यासाठी हे पत्र खास आहे. ‘ही नक्कल आहे, यातल्या सह्याही नकलणाऱ्याच्याच हातच्या. त्यांची खरी सही हवी असेल तर ती तुमच्याकडच्या चर्चमधल्या मूळ वहीत आहे, माझ्याकडे नाही.’ एवढ्यावर तुम्हाला मोकळं होता आलं असतं. पण त्या चर्चच्या पाद्रीसाहेबांना काय लिहायचं, कुठलं वर्ष आणि कुठला रकाना मागायचा, हेही तुम्हीच मराठीत मुद्देसूद लिहून दिलंत. मूळ वही समोर आली तेव्हा मी आधी नुसती बघत बसले. पानाच्या कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई तपकिरी झालेली. सही मोठ्या अक्षरांत, टाक इतका दाबलेला की पान उलटल्यावर मागून रेघ हाताला लागते. आडनावातलं एक अक्षर राहिलं होतं, ते वरून घातलंय. खाली बायकोची फुली, आणि फुलीच्या दोन्ही बाजूंना दुसऱ्याच कुणाच्या सुबक अक्षरात तिचं नाव.

आता चुलतभाऊ. त्याने इंटरनेटवरून एक तयार वंशवृक्ष उतरवून घेतला होता. तेच नाव, इंग्लंडमधला तोच विल्टशर परगणा, साधारण तेच वय, वर हवेली आणि ढालीवरचं घराण्याचं चिन्ह. फ्रेम करून बैठकीत लावलंही होतं. तुम्ही वाद घातला नाहीत. त्या हवेलीवाल्याला 2 एप्रिल 1871 च्या रात्री गाठलंत. त्या रात्री इंग्लंडची जनगणना झाली, आणि त्यात तो गृहस्थ एका खेड्यात पाद्री म्हणून बायको, पाच मुलं आणि दोन मोलकरणींसह नोंदलेला आहे. त्याच महिन्यात आमच्या खापरपणजोबांच्या मुलीचा बाप्तिस्मा इगतपुरीला झाला. ‘रजेवर गेले असतील’ असं भाऊ म्हणून बघत होता. पण इंजिन चालवणारा माणूस रजेत पाद्री होऊन पाच मुलं कुठून आणणार, हे त्यालाही सांगता येईना. फ्रेम अजून भिंतीवर आहे, पण पाहुण्यांना तो हल्ली त्यातलं काही सांगत नाही.

खरा माणूस तुम्हाला सापडला तो 1851 च्या जनगणनेत, स्विंडनमध्ये. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा कारखाना तिथे, आणि कारखान्यालगत कंपनीने कामगारांसाठी बांधलेल्या दगडी घरांच्या रांगा. त्यातल्या एका घरात, वय 17, भाडेकरू, शिकाऊ फिटर. 1841 च्या जनगणनेत माणूस त्याच परगण्यात जन्मला की नाही एवढंच विचारलं होतं. 1851 ला गावाचं नाव विचारलं, म्हणून गाव कळलं. तिकडे सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली 1 जुलै 1837 ला आणि जन्म त्याआधीचा, त्यामुळे सरकारी दाखला निघणं शक्यच नव्हतं. मग गावच्या चर्चच्या वहीतून बाप्तिस्मा, आणि पुन्हा तोच लोहार बाप. एवढं सगळं जुळल्यावरच तुम्ही ‘हो’ म्हणालात. तोवर मी कितीदा तरी ‘हेच ना?’ म्हणून विचारलं असेल, आणि दर वेळी तुमचं उत्तर एकच : ‘अजून नाही.’ तेव्हा चिडचिड व्हायची, खोटं कशाला बोलू. आज त्या ‘अजून नाही’चेच आभार सगळ्यात जास्त.

पैसे तुम्ही घेत नाही, फोटोकॉपीचेसुद्धा. ते मला पटलेलं नाही, पण तुमच्याशी वाद घालून काही उपयोग नसतो हे भावाने शिकवलंय.

आणि हो, काम संपलेलं नाही. खापरपणजोबांचे आता पुरेसे कागद झाले. खापरपणजीचं मात्र ते फुलीशेजारचं नाव आणि पुढे ‘शरणपूर’, एवढंच. नाशिकजवळच्या त्या शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटीची ख्रिस्ती वसाहत होती, अनाथ मुलं होती, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही होती. आमची खापरपणजी त्यांतल्या कुणाच्यात वाढली, तिचे आईबाप कोण, हे मला शोधायचंय. सोसायटीचं दप्तर बर्मिंगहॅम विद्यापीठात आहे असं तुम्हीच मागे म्हणाला होता. नाशिककडच्या वह्या मी बघते. तिकडचं जमेल तेव्हा बघाल का?

तुमची,
मनमाडची धाकटी बहीण