वजन २ किलो १०० ग्रॅम होतं, अडीच नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

'आशांच्या नोंदी बोगस' ही गावोगावच्या आशाताईंवरची, म्हणजे आरोग्य स्वयंसेविकांवरची, कालच्या अंकातली बातमी वाचली आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. नोंदी चुकीच्या असतात हे मी नाकारत नाही. बत्तीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून मीही रजिस्टरं भरली आहेत. पण सगळा दोष आशाताईंच्या पदरात टाकून तुमचे प्रतिनिधी मोकळे झाले, त्याचा राग आला म्हणून हे पत्र.

माझ्या निवृत्तीच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. दसरा झाला होता, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या बेतात होत्या. उपकेंद्रात माझ्या हातानं एका पोरीचं बाळंतपण झालं. लेकरू काट्यावर ठेवलं, २ किलो १०० ग्रॅम. दोनदा तोललं. आशाताईनं तेच वहीत लिहिलं. अडीच किलोच्या आतलं म्हणजे कमी वजनाचं बाळ. त्याला ऊब हवी, अंगावर नीट पितंय का ते पुन्हा पुन्हा जाऊन बघायला हवं. ३, ७ आणि १४ व्या दिवशी ती वस्तीवर चालत जाऊन आली. मग मुकादमाचा ट्रक आला. आगाऊ पैशांची उचल घेतलेली होती, नवरा-बायकोचा कोयता (जोडी) ठरलेला होता; पंधरवड्याचं लेकरू पोटाशी धरून बाळंतीण कारखान्यावर गेली. २१, २८ आणि ४२ व्या दिवसाच्या रकान्यांत आशाताईनं 'स्थलांतर' असं लिहिलं. खरं तेच लिहिलं.

महिन्याच्या बैठकीत तिला सगळ्यांसमोर उभं केलं. "तुमच्याच गावात कमी वजनाची बाळं कशी? आणि या भेटी का झाल्या नाहीत?" सहाही भेटी दाखवल्याशिवाय २५० रुपयांचं बिल निघणार नाही, हेही तिथंच ऐकवलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. संध्याकाळपर्यंत २ किलो १०० चे २ किलो ५०० झाले, तिन्ही रकान्यांत बरोबरच्या खुणा आल्या. खाडाखोड दिसू नये म्हणून अख्खं पान नव्यानं उतरवलं. त्या पानावर सही माझी आहे.

गुढीपाडव्याच्या सुमारास टोळी परतली. लेकराच्या मांड्यांची कातडी लोंबत होती. डॉक्टरांनी रजिस्टर मागवलं आणि आईलाच बोलले, "जन्मलं तेव्हा चांगलं अडीच किलोचं होतं की. पाजत नव्हतीस का?" ती काही बोलली नाही. मी तिथंच उभी होते.

गावातल्या बायकांना नोंदी ठेवणं जमत नाही, असा तुमच्या बातमीचा सूर आहे. अहो, घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायची ही पद्धतच मुळात गडचिरोलीची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं, त्यांनी बाळं तोलली, नोंदी ठेवल्या आणि त्या कामावरचा शोधनिबंध १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं छापला. आमच्या आशाताई त्यांच्यापेक्षा कुठं कमी आहेत?

तुमच्या प्रतिनिधींनी एकदा मासिक बैठकीत जाऊन बसावं. खरं वजन लिहिणारीला तिथं काय ऐकावं लागतं ते छापावं. 'बाळ गावात नाही' ही नोंद पूर्ण धरा, झालेल्या भेटींचे पैसे द्या आणि टोळी जिथं गेली तिथल्या आशाला निरोप पोचवा, एवढंच आम्ही मागत होतो.

आणखी एक. बातमीसोबतचा फोटो आशांचा नाहीच, अंगणवाडी सेविकांचा आहे. त्या महिला व बालविकास विभागाच्या, आशा आरोग्य विभागाकडच्या. फोटोतल्या दोघी माझ्या ओळखीच्या आहेत. 'बोगस' या शब्दाखाली त्यांचे चेहरे छापलेत आणि काल दिवसभर गावात लोक त्यांना विचारत होते, काय घोटाळा केला म्हणून. दुरुस्ती छापावी, आणि ती बातमी होती त्याच पानावर छापावी.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, ता. केज, जि. बीड