ठाण्याला परत येण्याबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी बाबांनी "मग तिकीट कधीचे काढतेस?" असे विचारले आणि मी पावसाचा विषय काढला. फोनवर मला ते सांगता आले नसते, म्हणून लिहिते आहे. मी कायमची ठाण्याला परत येणार नाही. घटस्फोटाचा अर्ज मार्चमध्येच दाखल केला असून मी इथे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्येच राहणार आहे. आधी तुम्हाला विचारले नाही, कारण विचारले असते तर तुम्ही नेरुळला माझ्या सासरी जाऊन पुन्हा बैठक घेतली असती आणि मीही पुन्हा "बरं" म्हणाले असते.

बाबा, "त्याने हात तर कधी उचलला नाही ना?" या तुमच्या प्रश्नाचे मला वाईट वाटले नाही, मी स्वतःलाही अनेक वर्षे तेच विचारत होते. नाही उचलला. पण कोथिंबिरीच्या दोन जुड्या कशाला आणल्या, याचा पावती दाखवून जाब द्यावा लागे, आणि उत्तर पटले नाही की आठ-दहा दिवस तो घरात असूनही एक शब्द बोलत नसे. 2015 च्या मे महिन्यात एच-4 व्हिसावरच्या, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे इथे आलेल्या, काही बायकांना नोकरीची परवानगी मिळू लागली, तेव्हा मी अर्ज भरून ठेवला होता. सोबत त्याच्या कागदांच्या प्रती लागत होत्या, त्या त्याने शेवटपर्यंत दिल्या नाहीत. पुढे ग्रीन कार्ड आले, तेही त्याच्याच कपाटात गेले. "घटस्फोट घेतलास तर दुसऱ्या दिवशी विमानात बसवतील," हे मी इतक्यांदा ऐकले की मला तो कायदाच वाटू लागला. वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितले की कार्ड त्याच्या नोकरीमुळे मिळालेले असले तरी आता ते माझे आहे, घटस्फोटाने ते जात नाही, आणि हाती नसेल तर दुसरे मागवता येते. आनंद व्हायला हवा होता. मला मात्र घरी येईपर्यंत रागच येत राहिला.

इथला घटस्फोट तिकडे चालेल का, ही तुमची शंका रास्त आहे. न्यू जर्सीत 2007 पासून नुसते पटत नाही एवढ्या कारणावरही घटस्फोट मिळतो, पण तो तिकडे चालायचा तर भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1991 च्या निकालानुसार कारण आपल्या हिंदू विवाह कायद्यात बसणारे असावे लागते आणि समोरच्यानेही इथल्या न्यायालयात बाजू मांडलेली असावी लागते. म्हणून मी क्रूरता हेच कारण दिले आहे, आणि त्याने वकिलामार्फत उत्तरही दिले आहे.

आजीच्या पाटल्या सासरच्यांच्या लॉकरमध्ये आहेत. ते माझे स्त्रीधन आहे आणि ते मी कायद्यानेच मागेन. तुम्ही त्यासाठी नेरुळची पायरी चढायची नाही.

माझी काळजी करू नका. एका गुजराती काकूंच्या घरात वरची खोली घेतली आहे, हीटर चांगला चालतो, बस कोपऱ्यावर मिळते. ओक ट्री रोडवर तूरडाळ, आमसुले, सगळे मिळते. पहिल्या पगारात कुकर घेतला. एका अकाउंटंटकडे हिशेबाचे काम आहे. पहिल्या दिवशी निघताना बुटांची नाडी बांधायला वाकले आणि बाबा, तलावपाळीच्या कट्ट्यावर मी मुद्दाम नाडी सोडून तुमच्यापुढे पाय करायची ते आठवले. बस चुकली.

आई, "जरा सांभाळून घे" म्हणालीस त्याबद्दल तू मनाला लावून घेऊ नकोस. फोन स्पीकरवर असायचा, मी "छान चाललंय" म्हणायचे, मग तुला कळणार तरी कसे? शेजारी कोणी विचारलेच तर खरे ते सांग. "ती कामामुळे तिकडे आहे" असे म्हणू नकोस.

आता माझे ऐका. बाबांनी साखरेची तपासणी याच आठवड्यात करायची, "पुढच्या महिन्यात" चालणार नाही. आईने जांभळी नाक्याहून भाजीच्या पिशव्या उचलून आणायच्या नाहीत. दोन मजले चढताना गुडघ्याचे काय होते ते मला ठाऊक आहे. दिवाळीत मी तीन आठवडे येणार आहे, पाहुणी म्हणून, तेव्हा रिपोर्ट बघेन.

रविवारी तुमच्या संध्याकाळी पाचला फोन करते. आई, तू आत खोलीत जाऊन घे. काय विचारायचे ते विचार, माझ्या बाजूला आता कोणी ऐकत नसते.

तुमची धाकटी