तापानंतरचा ताप

मुंबई

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस, "भाचीला तर कोविड झालाच नव्हता ना, मग कोविडनंतरचं हे दुखणं कुठून आलं?" तेव्हा दवाखान्यात होतो, धड बोलता आलं नाही.

झाला होता रे, कळला नव्हता. नुसती सर्दी झाली आणि गेली. महिन्याभराने सणकून ताप, पोटात दुखणं, उलट्या. आधी सगळ्यांना अपेंडिक्सच वाटलं. मग डोळे लाल झाले, पण चिपडं नाहीत. ओठ लालबुंद, अंगावर पुरळ. रक्तदाब उतरू लागला तसं तिला आयसीयूत हलवलं. रक्तात सीआरपी, फेरिटिन (शरीरातली सूज दाखवणारे घटक) खूप वाढलेलं आणि इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग कमी. ताई तर हबकूनच गेली.

या आजाराला एमआयएस-सी म्हणतात. विषाणूशी लढाई संपते, पण शरीराची प्रतिकारशक्ती थांबत नाही. हृदय, आतडी, रक्तवाहिन्या, सगळीकडे सूज येते. २०२० च्या एप्रिलअखेर ब्रिटनमधून पहिला इशारा आला. परळच्या वाडिया रुग्णालयातही त्याच वर्षी अशी मुलं दाखल झाली होती. जपानच्या डॉ. कावासाकींनी १९६७ मध्ये मांडलेल्या आजाराशी याचं बरंच साम्य आहे. पण तो बहुतेक पाच वर्षांखालच्यांना होतो, हा आठ-नऊ वर्षांच्यांनाही गाठतो.

तिला आयव्हीआयजी (निरोगी रक्तदात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं) दिलं, वजनाच्या किलोमागे २ ग्रॅम, शिरेतून सावकाश. सोबत स्टेरॉइड आणि थोडी अ‍ॅस्पिरिन. (अ‍ॅस्पिरिन मुलांना आपल्या मनाने कधीच देऊ नकोस.) वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक मुलं बरी होतात, आणि म्हणूनच तुला इतकं कळकळीने लिहितोय.

तुझ्या दोन्ही पोरांना नुकताच कोविड होऊन गेलाय. हा आजार दुर्मीळ आहे, हल्ली तर फारच कमी दिसतो, तेव्हा प्रत्येक तापाला घाबरू नकोस. पण कोविडनंतर दोन ते सहा आठवड्यांत ताप आला आणि जोडीला पोटदुखी, लाल डोळे किंवा पुरळ असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे ने. पोर मलूल पडलं, हातपाय गार पडले, लघवी कमी झाली, तर रात्रसुद्धा जाऊ देऊ नकोस, थेट मोठं रुग्णालय गाठ. आणि आधी कोविड झाला होता हे तू स्वतःहून सांग. नाहीतर ते विचारायचं राहून जातं.

भाची आता घरी आहे. पळापळीला अजून बंदी आहे, म्हणून रुसलीय. पुढचा इको झाला की कळवतो. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
मित्र