विल्यम स्टाइन यांना आभाराचं पत्र

प्रिय स्टाइन सर,

आपली ओळख नाही. पण मी संख्या सिद्धांत शिकवते ते तुमच्या सेज या मुक्त गणिती सॉफ्टवेअरच्या भरवशावर, म्हणून हे पत्र.

बर्कलीत पीएच.डी. झाल्यावर तुम्ही हार्वर्डला शिकवलंत. मॉड्युलर फॉर्म्सचा (संख्या सिद्धांतात लागणाऱ्या खास फलनांचा) बराच कोड तुम्ही आधी मॅग्मा या गणिती सॉफ्टवेअरसाठी लिहिला होता. मॅग्मा उत्तमच, पण त्याचा गाभा बाहेरच्याला उघडून पाहता येत नाही. सिद्धतेची पायरी न् पायरी तपासणाऱ्या विषयात ‘संगणक म्हणतो म्हणून’ हे उत्तर कसं चालावं? २००५ मध्ये तुम्ही सेज सुरू केलंत. पारी, गॅप, मॅक्सिमा, सिंग्युलर ही मुक्त साधनं होतीच; ती नव्याने लिहीत न बसता पायथनने एकत्र जोडलीत. तो निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो.

वर्गात मी ३७ए हा एलिप्टिक वक्र घेते: य² + य = क्ष³ − क्ष. सेजला त्याची रँक, म्हणजे त्यावरचे अनंत परिमेय बिंदू किती स्वतंत्र बिंदूंपासून तयार होतात ती संख्या, विचारली की उत्तर येतं १. लगेच कोणीतरी विचारतंच, ‘पण हे काढलं कसं?’ फंक्शनच्या नावापुढे दोन प्रश्नचिन्हं टाकायची, की त्याचा कोड समोर! मग तास माझ्या हातात राहत नाही, मुलं एकेका ओळीवरून वाद घालत बसतात. वक्रावरच्या बिंदूंच्या बेरजेच्या नियमाने (०, ०) हा बिंदू स्वतःतच मिळवत गेलं तर दर वेळी नवा बिंदू येतो, हे ती कागदावर करून बघतात आणि मग सेजशी ताडून पाहतात.

सगळ्यात जास्त आभार मात्र त्यापुढच्या गोष्टीसाठी. सेजसाठी राबणाऱ्या तरुणांना विद्यापीठांत नोकऱ्या मिळेनात, कारण कोड लिहिणं संशोधनात धरलं जात नाही. हे तुम्ही उघडपणे मांडलंत आणि तिथेच थांबला नाहीत. वॉशिंग्टन विद्यापीठातली कायमस्वरूपी प्राध्यापकी २०१९ मध्ये सोडून कोकॅल्क या ऑनलाइन सेवेसाठी काढलेल्या स्वतःच्या कंपनीत पूर्णवेळ उतरलात. आज ब्राउझर उघडला की सेज तयार असतं, इन्स्टॉल करायची झटापट नाही, आणि दोघं जण दोन ठिकाणांहून एकाच पानावर काम करू शकतात. अशी नोकरी सोडणं किती जड जातं, ते आम्हा शिकवणाऱ्यांना पुरतं ठाऊक आहे.

माझ्या एका विद्यार्थिनीने यंदा सेजच्या माहितीपानांत एक दुरुस्ती सुचवली आणि ती स्वीकारली गेली. तिच्याही वतीने मनापासून आभार.

आपली,
एक गणितशिक्षिका