पाळणाघर 'नको' म्हणणाऱ्या बायका

कुडाळ, 14 जून

प्रिय शालू,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले, उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. सध्या डोक्यात कारखान्यातल्या पाळणाघराशिवाय दुसरं काही नाही.

आमच्या काजू कारखान्यात 70 माणसं, बहुतेक बायकाच. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 सालच्या दुरुस्तीपासून 50 किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर लागतंच, आणि आईला दिवसातून 4 वेळा मुलाकडे जाता येतं. मालक म्हणाले, आधी विचारा, कुणाला हवंय का. मी नावानिशी कागद फिरवला. जवळजवळ सगळ्यांनी 'नको'वर खूण केली! मालकांना तेवढंच पुरलं.

मला काही ते पटेना. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन त्यांच्यात जाऊन बसले. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाली, "पगारातून पैसे कापले तर आमी काय करतलंव? आणि पोराची आई म्हणान उद्या कामावरसून काढल्यानी तर?" अगं, नको नव्हतंच त्यांना, भीती होती. सगळे म्हणतात घरी आजी आहे की. पण मार्च ते मे आजी स्वतःच काजू वेचायला नाहीतर आंब्याच्या बागेत असते. तेव्हा मूल शेजारी, नाहीतर आईची रजा.

वयस्कर बायका मात्र कुरकुरल्या, आमची पोरं काय अशीच वाढली नाहीत का? त्यांचंही खोटं नाही गं, त्यांना कुणी काही दिलंच नाही. आणि एक हमाल मागे राहून हळूच विचारून गेला, "बापाच्या पोराला घेतील?" मला भरून आलं.

फोडायला बसणारीचे हात तू पाहायला हवेस. काजूच्या टरफलातला चीक लागू नये म्हणून तेल चोळतात, तरी बोटांची सालं निघालेली. ती म्हणाली, घरी गेल्यावर लेकीच्या गालावरून मी पालथा हात फिरवते. तेव्हाच ठरवलं, पाळणाघराच्या दाराशी आधी नळ आणि साबण.

आता दुसरा कागद काढलाय, बिननावाचा. वरतीच लिहिलंय की पगारातून एक पैसाही कापला जाणार नाही, आणि त्याखाली मालकांची सही घेतली आहे. सोमवारी वाटणार.

तुझ्या अंगणवाडीचा एवढ्या वर्षांचा अनुभव आहे, म्हणून विचारते. दोन वर्षांच्या आतली किती मुलं एका बाईला नीट सांभाळता येतात? खरा आकडा कळव, मालकांसमोर तोच ठेवायचा आहे.

तुझीच,
नंदा